काय म्हणते ती?

आमच्या घरात चुकीचं बोललेलं कुणी जाऊ देत नसे. बाबा मूळचे गुहागरकडचे, सिल्वासाला सरकारी कचेरीत कारकून. वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांबाहेर सगळ्या भाषांची सरमिसळ होती. दूधवाला गुजरातीत बोले, बाबांचे साहेब इंग्रजीत, भाजीवाली वारलीत, आणि शेजारची दोन बिऱ्हाडं हिंदीत भांडत. त्यामुळेच की काय, उंबऱ्याच्या आत बाबांनी शुद्ध मराठीचा पहारा बसवला होता. लहानपणी मी 'पानी दे' म्हटलं की ते भरलेला तांब्या हातात धरून बसत आणि मी 'पाणी' म्हणेपर्यंत पुढे करत नसत. आईचं माहेर खाडीकाठचं. ती बोलता बोलता 'तिने सांगितलंन' म्हणायची. बाबा ताटातून मान वर न करता म्हणत, "सांगितलं." आई पुढचं वाक्य विसरून जायची. हळूहळू तिने गोष्टी अर्ध्यावर सोडायला सुरुवात केली आणि नंतर नंतर तर वाढू का, पुरे का, एवढंच तिच्या तोंडून निघे. मला वाटायचं, आईला बोलायला फारसं आवडत नाही. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे, आणि तिला काय काय सांगायचं राहून गेलं असेल या विचाराने कधी कधी हातातलं काम थांबतं.

स्वयंपाक मात्र तिचा होता. तिथे बाबांना दुरुस्ती सुचत नसे. आठवड्यातून दोनदा दमणहून मासळीवाल्या येत. आई त्यांच्या टोपलीत हात घालून मांदेली निवडायची, बोंबील उलटेसुलटे करून बघायची आणि "आमच्याकडच्यासारखे नाहीत" असं म्हणून घ्यायचीच. तांदळाची भाकरी, मांदेलीचं तिखलं आणि गावाहून आलेल्या आमसुलांचं सार. एवढं असलं की बाबाही गप्प जेवत. सकाळी धाग्याच्या कारखान्याचा भोंगा वाजला की ती तवा ठेवी आणि आमच्या कारखान्याचा वाजेपर्यंत माझा डबा भरलेला असे. शनिवारी संध्याकाळी दारूबंदीच्या गुजरातेतून आमच्याकडे प्यायला येणाऱ्यांच्या गाड्यांच्या रांगा लागत, गाणी मोठ्याने वाजवत जात, आणि बाबा उठून रस्त्याकडची खिडकी लावून घेत.

'आमचा कारखाना' असं मी म्हणते, कारण विसाव्या वर्षी तो मला माझाच वाटायला लागला होता. बारावी आणि टायपिंग झाल्यावर दादऱ्याच्या रस्त्यावर प्लास्टिकचा माल काढणाऱ्या एका कारखान्यात मला नोकरी लागली. कंगवे, साबणाच्या डब्या, केसांचे चिमटे. पॅकिंग खात्यात तीसेक बायका होत्या आणि त्यांच्यावर देखरेखीला मालकांना एक शिकलेली मुलगी हवी होती. निम्म्या बायका आसपासच्या पाड्यांवरच्या वारली, निम्म्या धुळे-नंदुरबारकडून नवऱ्यांबरोबर पोटासाठी आलेल्या. कंगव्यांच्या राशी पत्र्याच्या टेबलांवर ओतल्या जात, त्याचा सडासडा पाऊस पडल्यासारखा आवाज दिवसभर चाले. पलीकडच्या शेडमध्ये फुकट गेलेला माल दळायचं यंत्र होतं. ते सुरू झालं की दोन हातांपलीकडचं ऐकू येत नसे. बायका डझनाडझनाने कंगवे पिशवीत भरत, आणि टेबलाच्या टोकाला बसलेली बाई सीलिंग मशीनवर पिशवीचं तोंड बंद करी. पायाने पायडल दाबलं की वरची तापलेली पट्टी खाली येई, पिशवीचं तोंड चिकटवी. पाय उचलला की स्प्रिंगच्या जोराने वर जाई.

पहिल्या आठवड्यातच मी सगळ्यांना सांगितलं की मला ताई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं. दुसरं म्हणजे, जे सांगायचं ते नीट मराठीत सांगायचं. एखादी अहिराणीत बोलू लागली, की मी तिचं वाक्य मध्येच थांबवून दुरुस्त करी. वारली बायकांच्या तर तोंडून शब्द पडायच्या आत माझी भुवई वर जाई. सुरुवातीला त्या हसत, एकमेकींना कोपराने ढोसत. मग त्यांनी माझ्याशी बोलणंच कमी केलं. पिशव्या संपल्या तर रिकामा गठ्ठा आणून माझ्या टेबलावर ठेवत. पोटात दुखत असेल तर पोटावर हात ठेवून समोर उभ्या राहत. नवे मॅनेजर तिवारीसाहेब कानपूरकडून येऊन दोनच महिने झाले होते. त्यांनी एकदा खात्यातून फेरी मारली आणि म्हणाले, "आपका डिपार्टमेंट सबसे शांत है." हे मी घरी जाऊन सांगितलं. बाबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं ते मी दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

फक्त केवळबाई बोलायची थांबली नव्हती. शिरपूरकडची बाई, चाळिशीची, उंच, मशेरीने काळे पडलेले दात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तीन नंबरच्या टेबलावर ती सर्वांत जुनी. मी कितीही दुरुस्त्या केल्या तरी ती आपलं म्हणणं शेवटपर्यंत नेई आणि मला 'ताई'च म्हणे. मला तिचा राग येई. त्या गुरुवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "ताई, ते तीन नंबरनं पायडल चिकटी ऱ्हायनं. पट्टी लवकर उचलाई नही ऱ्हायनी. कोना तरी हात भाजाई जाई."

मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. शब्द न् शब्द कळला होता. पण माझ्या कानाने पकडलं ते भलतंच. मी म्हणाले, "केवळबाई, 'चिकटी ऱ्हायनं' काय? चिकटतंय म्हणा. तुमची बोली इथे कुणाला समजत नाही."

ती गोंधळली. "चिकटस..." म्हणाली.

"चिकटतंय."

"चिकटतय."

"चिकटतंय. पुन्हा."

दळणाचं यंत्र सुरू होतं. मागच्या टेबलावरच्या बायकांना मी तिच्याकडून शाळेतल्या पोरीसारखा एक शब्द घोकून घेते आहे एवढंच दिसत होतं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. तिसऱ्यांदा केवळबाईने अगदी स्पष्ट, मोठ्याने म्हटलं, "चिकटतंय." मी "शाब्बास" म्हणाले. तेवढ्यात चहाची घंटा झाली, दळणाचं यंत्र थांबलं. ती गेली, मी रजिस्टर मिटलं. आमचा फिटर रमणभाई त्या वेळी माझ्यापासून वीस पावलांवर बिडी ओढत उभा होता. त्याला हाक मारायला मला श्वासही मोठा घ्यावा लागला नसता. एवढं उच्चारून घेतल्यावर माझं काम झालं, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं असावं. ती काय सांगत होती ते चहाबरोबर माझ्या मनातून पुसलं गेलं.

शुक्रवारी सकाळी मी केवळबाईला लेबलं चिकटवायला गोदामात पाठवलं आणि तीन नंबरच्या मशीनवर काशीला बसवलं. काशी किलवणीजवळच्या पाड्यावरची, नुकतंच लग्न झालेली, हाताने फार चपळ. दुपारचे डबे खाऊन झाल्यावर अर्ध्या तासात ती किंकाळी आली. दळणाच्या यंत्राच्या आवाजातूनही ती मला ऐकू आली. पट्टी तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांवर टेकली होती आणि वर येत नव्हती. एकीने पायडलखाली पाय घालून ते उचललं तेव्हा हात सुटला. बोटं पांढरी पडली होती. मी पाणी आणा, पाणी आणा असं ओरडत राहिले, आणि पाणी आणलं ते दुसऱ्याच कुणीतरी. रमणभाईने तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

तासाभराने तिवारीसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते रागावले नव्हते, घाबरले होते. "मशीन ख़राब है, ये किसी ने आपको बताया था?"

मी म्हणाले, "नहीं सर."

इतकं पटकन म्हणाले की माझं मलाच ते खरं वाटलं. त्यांनी विचारलं, त्या मशीनवर रोज कोण असतं? मी नाव सांगितलं. केवळबाईला गोदामातून बोलावून आणलं. हाताला डिंक लागलेला तसाच, पदराला पुसत ती दारात उभी राहिली. साहेबांनी तिला हिंदीत विचारलं, तुला मशीन बिघडल्याचं माहीत होतं का, मग सांगितलं का नाहीस? केवळबाईला हिंदी बोलता येत नव्हतं, समजत मात्र होतं. ती माझ्याकडे बोट करून भराभरा म्हणाली, "मी काल सांगं व्हतं. ह्या ताईले सांगं व्हतं. तीन डाव सांगं."

साहेबांना ते उमगलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "क्या बोलती है?"

भिंतीवरचा पंखा फिरत होता, टेबलावरचे कागद वजनाखाली फडफडत होते. मला वेळ होता. पुष्कळ वेळ होता. मी म्हणाले, "बोलती है, बताना भूल गई."

केवळबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला हिंदी समजतं हे मला ठाऊक होतं. मी खिडकीकडे बघायला लागले. ती पुन्हा बोलेल, ओरडेल, निदान शिवी देईल असं मला वाटलं. पण ती हाताचा डिंक पदराला पुसत राहिली. साहेब म्हणाले, "कल से मत आना." ती वळून गेली. त्याच संध्याकाळी रमणभाईने नवी स्प्रिंग बसवली. दहा मिनिटांचं काम होतं.

घरी मी भाकरी कुस्करत बसले. बाबांनी विचारलं म्हणून अपघाताचं सांगितलं. म्हणाले, एका बाईला माहीत होतं, पण ती सांगायला विसरली. बाबा म्हणाले, "या लोकांना धड सांगता येत नाही, तिथेच सगळा घोळ होतो." आई पोळपाट पुसत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तिने सांगितलंन नाही?"

"सांगितलं नाही," बाबांनी सवयीने दुरुस्त केलं.

आणि मी म्हणाले, "नाही."

केबिनमधलं खोटं भीतीपोटी बोलले असं मी पुढे स्वतःला समजावलं. आईला बोललेल्या या खोट्याला मात्र मला अजून कुठलं कारण सापडलेलं नाही. तिने परत विचारलं नाही. माझं ताट तिने उचललं.

पुढचे दिवस खात्यात कुणी मला काही म्हणालं नाही. गुरुवारी हसलेल्या बायकांना एक शब्द तेवढा ऐकू आला होता, आणि आता त्या शब्दाचा अर्थ त्या आपापसात लावत असाव्यात. मी जवळ गेले की हात चालू राहत, तोंडं मिटत. मंगळवारी मला राहवेना. मी केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "सर, उसने मुझे बताया था. मैंने झूठ बोला." तिवारीसाहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "रिपोर्ट जा चुकी है. अब छोड़िए. आगे से ध्यान रखिए." आणि आपल्यासाठी आलेला चहा त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी तो प्यायले. हे लिहिताना सगळ्यात जड जातंय ते हेच, की तो चहा मला गोड लागला. आपण खरं बोललो, आता ओझं साहेबांचं, असं वाटून मला हलकं झालं होतं.

त्याच हलकेपणाच्या भरात मी रविवारी किलवणीला गेले. केवळबाई तिथेच राहायची. तिची क्षमा मागायची आणि तिला परत कामावर घ्यायला लावते असं सांगायचं, असं ठरवून. बसमधून उतरून विचारत विचारत तिच्या भाड्याच्या खोलीपाशी पोचले. ती ओट्यावर बसून गावाहून आलेली दादर ज्वारी निवडत होती. सुपातले खडे तिच्या बोटांनी बाजूला फेकले जात होते. मला पाहून तिने सूप थांबवलं, पण उठली नाही.

"केवळबाई, मी खोटं बोलले," मी म्हणाले.

"माले माहीत से."

"मी साहेबांना सांगितलंय. तुम्हाला कामावर परत..."

"काम भेटनं माले. सोमवारपाईन जास दुसरीकडे." तिने सुपावर एक थाप मारली. कोंडा उडाला. "कामनं काय? पन ती काशीना घरना लोके म्हंतस, मी मुद्दाम नही सांगं. तिनी सासू मना दारमा उभी ऱ्हाईसन बोलनी. सारी गल्ली ऐकत व्हती."

मला हे ठाऊकच नव्हतं, तिच्याच तोंडून कळलं. काशीचा नवरा चौकशीला आला तेव्हा कचेरीतून त्याला तेच सांगण्यात आलं होतं. एक बाई सांगायला विसरली. केवळबाईने काशीच्या घरी जाऊन सांगितलं, मी सांगितलं होतं म्हणून. तर तिची सासू म्हणाली, एवढी शिकलेली मॅडम कशाला खोटं बोलेल? माझ्या बारावीच्या, माझ्या शुद्ध बोलण्याच्या जोरावर ती बाई खोटी ठरली होती.

मी विचारलं, "त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही पुन्हा का नाही बोललात? तुम्हाला कळलं होतं मी काय सांगितलं ते."

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "तूच सांगं व्हतं ना, मन्ही बोली आठे कोनले समजत नही." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं. मग ती उठली, सूप आत ठेवून आली आणि पायात चपला घालत म्हणाली, "चाल."

"कुठे?"

"काशीकडे. तठे सांग."

मला नाही म्हणता आलं असतं तर मी म्हटलं असतं. साहेबापुढे बंद केबिनमध्ये सांगणं निराळं होतं. ती पुढे, मी मागे, अशा आम्ही कापणी झालेल्या भाताच्या शेतांतून निघालो. सड पायांना टोचत होते. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर, मग एका ओहळातून, मग सागाच्या झाडांमधून. ती एकदाही मागे वळली नाही.

काशीचं घर कुडाचं, अंगण नुकतंच सारवलेलं. काशी भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर एखादी परकी वस्तू ठेवावी तसा. तिची सासू तुरीच्या शेंगा सोलत होती. केवळबाईला पाहताच तिने तोंड फिरवलं. मला पाहून मात्र घाईने उठली, झटकून चटई पुढे केली. मी चटईवर पाय ठेवला नाही. मी म्हणाले, "केवळबाईंनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मशीन बिघडलंय, कुणाचा तरी हात भाजेल, असं. मी फिटरला सांगितलं नाही. आणि साहेबांना खोटं सांगितलं की ह्या विसरल्या."

अंगणात कोंबडी शेंगांच्या सालीत टोच मारत होती. सासूने माझ्याकडे पाहिलं, मग केवळबाईकडे. काशीच पहिल्यांदा बोलली. "मंग तवा का नाय बोललीस?"

"घाबरले," मी म्हणाले. "नोकरी जाईल म्हणून."

तेही पुरतं खरं नव्हतं. नोकरी जाणार नव्हती, फार तर बोलणी बसली असती. माझी चूक निघेल याची मला भीती होती. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात दिवस घालवणाऱ्या माझी. पण ते त्या अंगणात कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. एवढी भाषा येऊन सुचलं नाही. काशीने मान खाली घालून पट्टीच्या टोकाशी निघालेला दोरा डाव्या हाताने ओढायला सुरुवात केली. तिची दोन बोटं पुढे कायमची आखडली, हे मला नंतर समजलं.

सासू उठली. माझ्या अंगावरून गेली आणि केवळबाईचं मनगट धरून तिला चटईवर बसवलं. आतून तांब्या आणला. केवळबाईने वरून धार धरून पाणी घेतलं, पदराने तोंड पुसलं. मग दोघी बोलू लागल्या. ही अहिराणीत, ती वारलीत. एकीने एक म्हणावं, दुसरीने हुंकार द्यावा, मध्येच काशीनेही काही सांगावं. पट्टी कधी बदलतात, दवाखान्यात कोण घेऊन जातं, असं काहीसं चाललं होतं. कुठे अडलं नाही. कुणी कुणाला पुन्हा विचारलं नाही. मी अंगणाच्या कडेला उभी होते आणि मला बस असं कुणी म्हटलं नाही. त्यांनी मला मुद्दाम टाळलं असंही नव्हतं. माझ्याकडून जे हवं होतं ते मिळालं होतं, एवढंच.

"मी निघते," मी म्हणाले. केवळबाईने मान हलवली आणि बोलणं चालू ठेवलं.

सागाच्या झाडांपर्यंत आले तेव्हा लक्षात आलं, की येताना मी तिच्या टाचांकडे बघत आले होते, वाट पाहिलीच नव्हती. तिथून तीन पायवाटा फुटत होत्या. मागे वळून पाहिलं तर अंगण दिसत होतं, बोलण्याचे आवाजही येत होते. एक हाक मारली असती तर कुणीतरी सांगितलं असतं. मी तशीच उभी राहिले. मग दूरवर ट्रकचा भोंगा ऐकू आला, आणि त्याच्या अंदाजाने मी शेतांत उतरले.